वारशाशी भांडणारी चित्रे

अकोल्यातल्या नववी-दहावीच्या मुलाला ‘नारुतो’ या जपानी ॲनिमेशन मालिकेत पेन नावाचा प्रतिनायक भेटतो. पेनची सहा शरीरे आहेत आणि त्यांची नावे देव, असुर, मनुष्य, पशू, प्रेत आणि नरक अशी आहेत. कोणाकडे कोणती शक्ती आहे आणि कोण कोणाच्या हातून पडले, हे सगळे त्या मुलाला तोंडपाठ असते. ही सहा नावे म्हणजे जुन्या बौद्ध परंपरेतल्या जन्माच्या सहा गती आहेत. त्या इथूनच निघाल्या आणि चीन-कोरियामार्गे जपानला पोहोचल्या, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते. त्याच्याच गल्लीतल्या विहारात वंदना होते, पंचशील म्हटले जाते; पण सहा गती तिथेही शिकवत नाहीत, आणि त्याला सबळ कारण आहे. त्याच्या आजोबांनी ज्या धम्माची दीक्षा घेतली, त्यात प्रेतयोनीला आणि नरकाला जागाच ठेवलेली नाही.

ह्या पुस्तकाचा विषय तिथून सुरू होतो. जपानी ॲनिमेशनमध्ये बौद्ध आणि शिंतो खुणा शोधणे अवघड नाही. वीणेसारखे वाद्य घेतलेली बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती, एम्मा म्हणजे यम, ताइशाकुतेन म्हणजे इंद्र, कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर. निन्जा बोटांच्या ज्या झटपट आकृत्या करतात त्या मंत्रयान परंपरेतल्या मुद्रा आहेत. ‘इक्क्यू-सान’ ही १९७५ ते १९८२ पर्यंत चाललेली मालिका तर सरळ एका बाल झेन भिक्षूचीच होती. अशी यादी करत गेलो असतो तर पाने भरली असती आणि वाचकाला आपल्या देशाचा अभिमानही वाटला असता. पण त्या सिनेमाच्या गाभ्याशी आपण पोहोचलो नसतो.

माझे म्हणणे वेगळे आहे. जपानचे जे मोठे ॲनिमेशनकार आहेत, विशेषतः हायाओ मियाझाकी आणि इसाओ ताकाहाता, ते आपल्या धर्मांचा प्रचार करत नाहीत आणि त्यांना शोभेच्या वस्तूंसारखे मांडूनही ठेवत नाहीत. मिळालेल्या वारशाशी ते भांडतात. त्यातले काय पोटाशी धरायचे आणि काय नाकारायचे, याचा हिशेब ते पडद्यावर मांडतात. असा हिशेब वऱ्हाडाने मांडलेला आहे, तोही घराघरात. म्हणून हा सिनेमा पाहायला अमरावती-अकोल्याच्या माणसाकडे जी नजर आहे, ती दुसरीकडे सहज मिळणार नाही.

त्यासाठी दोन तारखा शेजारी ठेवाव्या लागतात. जपानमध्ये हजारभर वर्षे शिंतो देवस्थाने आणि बौद्ध मंदिरे एकमेकांत गुंतलेली होती. डोंगर-झऱ्यांचे शिंतो देव, म्हणजे कामी, हे बुद्ध-बोधिसत्त्वांचीच स्थानिक रूपे मानली जात आणि एकाच आवारात दोघांची पूजा होई. १८६८ मध्ये मेइजी सरकारने हुकूम काढून दोघांना वेगळे केले. त्या लाटेत अनेक बौद्ध मंदिरे उद्ध्वस्त झाली, मूर्ती फोडल्या गेल्या, आणि शिंतोला राष्ट्राच्या, सम्राटाच्या आणि पुढे युद्धाच्या दावणीला बांधण्यात आले. ती दावण सुटली १९४५ च्या पराभवानंतर. आपल्याकडची तारीख १४ ऑक्टोबर १९५६. नागपूरला बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली त्या दिवसानंतर वऱ्हाडातल्या असंख्य घरांतून देव्हारे निघाले, टाक नदीत सोडले गेले, मरीआईचा गाडा ओढणे बंद झाले. जपानमधली फारकत सरकारने लादली होती. इथली फारकत माणसांनी स्वतःच्या मुक्तीसाठी स्वतः केली, बावीस प्रतिज्ञा उच्चारून केली, आणि श्राद्ध-पिंडदान सोडण्याची प्रतिज्ञाही त्यांत होती. २०११ च्या जनगणनेत अकोला जिल्ह्यात बौद्धांचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. हा आकडा अशा घरांचा आहे. दोन्हीकडे प्रश्न मात्र एकच उरतो: देव गेल्यावर झाड, नदी, मेलेली माणसे आणि चुकलेले मूल यांच्याशी आपले नाते कशाच्या आधारावर उभे करायचे?

विदर्भाला जपानी बौद्ध माणूस अनोळखी नाही. फुजी गुरुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. मोझरीच्या गुरुकुंजातून तुकडोजी महाराज १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले. आणि भदंत सुरई ससाई तर नागपूरचेच झाले. ससाई आणि ताकाहाता दोघांचाही जन्म १९३५ चा, आणि दोघांचेही बालपण ओकायामा प्रांताशी जोडलेले. ताकाहाता नऊ वर्षांचे असताना ओकायामा शहरावर बॉम्ब पडले आणि ते त्यातून वाचले. त्या पिढीचा एक माणूस दीक्षाभूमीवर आला आणि दुसऱ्याने १९८८ मध्ये ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ काढला. ही जोडी मला सारखी आठवत राहते, कारण धर्माने आणि राष्ट्राने मिळून एका देशाचे काय केले हे दोघांनीही लहान वयात पाहिले होते.

त्याच १९८८ मध्ये, त्याच दिवशी, त्याच तिकिटावर दाखवला गेलेला दुसरा चित्रपट म्हणजे मियाझाकींचा ‘माय नेबर तोतोरो’. त्यात कापराचे एक प्रचंड झाड आहे आणि त्याच्या बुंध्याभोवती गवताचा जाड दोर बांधलेला आहे. इथे कामीचा वास आहे, एवढेच तो दोर सांगतो. त्या झाडाला मूर्ती नाही, पोथी नाही. वडील मुलींना शेजारी उभे करतात, झाडाला वाकून नमस्कार करतात आणि धाकटीला सांभाळल्याबद्दल त्याचे आभार मानतात. विहिरीच्या काठावर शेंदूर फासलेले साती आसरांचे दगड, शिवेवरचा म्हसोबा, मेळघाटातल्या कोरकूंचा मुठवा देव हे ज्याने पाहिले आहेत, त्याला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाची खांदशेकणी करणाऱ्याला जपानमधला ८ फेब्रुवारीचा सुयांचा विधीही कळेल. वर्षभर शिवून मोडलेल्या सुया त्या दिवशी मऊ टोफूत खोचून त्यांना कृतज्ञतेने निरोप दिला जातो.

धाकटी मेई चुकते तेव्हा ती रस्त्याकडेच्या सहा दगडी जिझोंच्या पायाशी बसलेली सापडते. जिझो म्हणजे क्षितिगर्भ बोधिसत्त्व, मुलांचा आणि वाटसरूंचा राखणदार. तिथे सहा जिझो आहेत, कारण गती सहा आहेत आणि प्रत्येक गतीतल्या जिवासाठी एक जण उभा आहे. ‘नारुतो’त ज्या सहा गती लढाईची शस्त्रे झाल्या, त्याच इथे एका घाबरलेल्या पोरीला सोबत करतात. कल्पना एकच, पण तिचे काय करायचे हे कलावंताने ठरवले. प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या प्रेक्षकाने इथे अडखळावे असे मला मनापासून वाटते. गतींवर त्याचा विश्वास नाही, तरी त्या सहा दगडांमागची करुणा त्याची स्वतःची आहे. मग ती करुणा गतींशिवाय उभी राहते का? बाबासाहेबांचे उत्तर होते, राहते. मियाझाकींचे उत्तर पाहायला मिळते नऊ वर्षांनंतर.

१९९७ च्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’त जंगलाचे देव आणि लोखंड गाळणारी वस्ती यांचे युद्ध आहे. पहिल्याच प्रसंगात शरीरात लोखंडाची गोळी रुतलेला एक रानडुक्कर-देव क्रोधाने सडत धावत येतो आणि गावातली म्हातारी त्याच्यापुढे हात जोडून त्याची शांत करण्याचे वचन देते. कोपलेल्याला पूजा देऊन थंड करायचे, ही रीत मरीआई ठाऊक असलेल्या वऱ्हाडाला नवी नाही. पण चित्रपट त्या रीतीवर थांबत नाही. डुकराचा कोप पूजेने शमत नाही, नायकाच्या हातावरचा शाप तसाच राहतो, आणि तो शाप कुठून आला हे शोधायला त्याला घर सोडावे लागते. शोधाच्या शेवटी सापडतो तो कारखाना, बंदुका आणि एबोशी नावाची एक बाई.

ही एबोशी जंगल तोडते. तीच कुंटणखान्यात विकल्या गेलेल्या बायकांना सोडवून कामाला लावते, आणि तिच्या बागेमागच्या घरात पट्ट्यांनी गुंडाळलेली माणसे बंदुका घडवतात. ती कुष्ठरोगी आहेत. त्यांच्यातला एक अंथरुणाला खिळलेला म्हातारा नायकाला सांगतो की, आम्हाला माणूस म्हणून वागवणारी, आमचे सडलेले अंग धुणारी ही एकटीच. मियाझाकींच्या घरापासून जवळ तामा झेन्शोएन नावाचे कुष्ठरोग्यांचे सरकारी वसतिस्थान आहे. तिथे भेट दिल्यावर ही माणसे चित्रपटात टाळून पुढे जाता येणार नाही असे आपल्याला वाटले, हे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. जपानमध्ये कुष्ठरोग्यांना सक्तीने वेगळे ठेवणारा कायदा १९९६ मध्ये, म्हणजे चित्रपटाच्या एकच वर्ष आधी रद्द झाला. आणि त्या कायद्याच्या कितीतरी आधीपासून तिथला बौद्ध समाज या रोगाला गेल्या जन्मीच्या कर्माचे फळ समजत आला होता.

अमरावतीच्या वाचकाला इथे तपोवन आठवेल. दाजीसाहेब पटवर्धनांनी शहराच्या कडेला उभे केलेले ते गाव, जिथे रोग्याने दयेवर न जगता हाताला काम घेऊन जगावे असा आग्रह होता. एबोशीच्या कारखान्यात बंदुका बनतात आणि तपोवनात तसे काही नव्हते, हा फरक मोठा आहे. पण दोन्ही जागी ‘पूर्वजन्मीचे पाप’ हे उत्तर दाराबाहेर ठेवले गेले. बाबासाहेबांनी त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये हेच उत्तर तत्त्व म्हणून नाकारले. आजच्या जन्मातली गरिबी, जात आणि रोग गेल्या जन्मीच्या कर्माच्या खात्यावर टाकणे म्हणजे समाजाला जबाबदारीतून सोडवणे, असे त्यांचे म्हणणे होते. मियाझाकींनी आंबेडकर वाचले होते असे मी सुचवत नाही. एकाच वारशातल्या एकाच अन्यायाला दोन ठिकाणी दोन माणसांनी हात घातला, आणि वऱ्हाडातल्या प्रेक्षकाला दोघेही एकत्र पाहता येतात, हे सांगायचे आहे.

ह्या चित्रपटाची दुसरी बाजू मेळघाटाकडे वळते. १९७३-७४ च्या सुमारास तिथे व्याघ्रप्रकल्प झाला. पुढे कोरकूंची काही गावे जंगलातून उठून अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर आली. वाघ वाचले पाहिजेत आणि ज्या माणसांनी मृतांच्या नावाने सागवानी मुंडे कोरून त्याच मातीत रोवले तीही वाचली पाहिजेत. मियाझाकी ह्या दोन वाक्यांपैकी कुठलेही पुसत नाहीत. शेवटी जंगल पुन्हा हिरवे होते, पण देव परत येत नाही, आणि चित्रपटाची नायिका माणसांना क्षमा करत नाही. मला हा शेवट फार प्रामाणिक वाटतो.

‘स्पिरिटेड अवे’बद्दल (२००१) स्वतंत्र लेख आहे, म्हणून इथे एकाच प्रसंगाकडे बोट दाखवतो. देवांच्या न्हाणीघरात दुर्गंधीने माखलेला एक पाहुणा येतो. चिहिरो त्याच्या अंगात रुतलेले काहीतरी ओढते आणि बाहेर पडते सायकल, मग भंगाराचा आणि कचऱ्याचा डोंगर. तो एका नदीचा देव असतो. प्रसंग मियाझाकींच्या अनुभवातून आला आहे. त्यांनी स्वतः नदी साफ करताना अशी सायकल ओढून काढलेली आहे. शिंतोमध्ये शुद्धीला जे महत्त्व आहे ते इथे मंत्राने साधत नाही, अंगमेहनतीने साधते. २०१८ च्या जानेवारीत अकोल्याची हजारो माणसे मोर्णेच्या पात्रात उतरली आणि हातांनी जलकुंभी ओढून काढू लागली. त्याच्याही कितीतरी आधी, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेणगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला होता आणि शेंदूर फासलेल्या दगडापुढे बोकड कापणाऱ्यांना खडसावले होते. बाबांना दगडात देव मान्य नव्हता. मियाझाकींना नदीत देव हवा आहे, निदान कथेपुरता तरी. पण घाण काढणारा हात दोघांनाही आधी लागतो. हे दोघे समोरासमोर बसले असते तर कुठे जुळले असते आणि कुठे अडले असते, याचा विचार त्या लेखात केला आहे.

आता ताकाहातांच्या शेवटच्या चित्रपटाबद्दल. ह्या पुस्तकातला सर्वांत लांब लेख त्याच्यावर आहे आणि तो लिहिताना मला सर्वांत जास्त वेळ लागला. ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’ (२०१३) ही बांबूच्या पोटात सापडलेल्या मुलीची जुनी जपानी कथा आहे. मुलगी चंद्रावरून आलेली असते आणि शेवटी चंद्रावरचे लोक तिला न्यायला येतात. ताकाहातांनी हे येणे अमिताभ बुद्धाच्या आगमनासारखे रंगवले आहे. सुखावती पंथातल्या चित्रांमध्ये मरणाऱ्या माणसाला न्यायला अमिताभ ढगावरून उतरतो, सोबत वाद्ये वाजवणारे बोधिसत्त्व असतात. शतकानुशतके जपानी माणूस ही चित्रे डोळ्यांसमोर ठेवून मेला. चित्रपटातही तोच ढग आणि तशीच बुद्धसदृश आकृती आहे, पण संगीत आहे जत्रेतल्यासारखे उडते, आनंदी. पहारेकरी बाण सोडतात आणि बाणांची फुले होतात.

बाणांची फुले होणे बौद्ध माणसाला लगेच ओळखू येते. बोधिवृक्षाखाली बसलेल्या सिद्धार्थावर माराने सेना घातली तेव्हा तिची शस्त्रे अशीच फुले होऊन पडली, असे परंपरा सांगते. अजिंठ्यातही मारविजय कोरलेला आहे. ताकाहातांनी तोच प्रसंग उचलला आणि त्यातल्या जागा बदलल्या. इथे माराच्या जागी उभे आहेत मुलीला कवटाळून बसलेले म्हातारे आईबाप. बुद्धासारखा दिसणारा पाहुणा शांत आहे, हसरा आहे, आणि तो मुलीला मातीपासून, दुःखापासून आणि आठवणींपासून सोडवायला आला आहे. अंगावर वस्त्र पडताच ती सगळे विसरणार आहे. पृथ्वी मलिन आहे हे ऐकल्यावर कागुया ते मान्य करत नाही; वस्त्र पडण्याआधी ती पृथ्वीची बाजू घेते.

हे धर्मद्वेषाने केलेले नाही. दुःख संपवणे म्हणजे जाणीवच पुसणे असेल, तर त्या मुक्तीचा उपयोग काय, असा प्रश्न एका वृद्ध कलावंताने आपल्याच परंपरेला विचारला आहे. सिद्धार्थ गृहत्याग करून गेला तो दुःख विसरायला नव्हे, हे ज्यांनी लहानपणापासून ऐकले आहे त्यांना या प्रश्नाची धार जास्त जाणवेल. परलोकातल्या सुखावतीऐवजी ह्याच पृथ्वीवर नीतीने जगता येईल असे जग उभारायचे, हा आपल्याकडच्या धम्माचा आग्रह आहे. म्हणून कागुयाची बाजू घेताना आपण बुद्धाविरुद्ध उभे राहतो असे मला वाटत नाही. एका पंथाने आखलेल्या परलोकाच्या चित्राविरुद्ध उभे राहतो. वाचकाला हे पटणार नसेल तर लेख वाचून त्याने वाद घालावा.

चित्रे हलण्याच्या कितीतरी आधी चित्रांतून कथा सांगण्याची रीत होती आणि तिच्या इतिहासात वऱ्हाडाचे नाव आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याचा दाता वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, आणि हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम. त्या भिंतींवर जातककथांतली एकच व्यक्ती एकाच चित्रात पुन्हापुन्हा येते आणि पाहणाऱ्याची नजर सरकते तशी कथा सरकते. आराई काम्पो हा जपानी चित्रकार १९१६ मध्ये भारतात आला आणि अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेऊन गेला. त्या १९२३ च्या तोक्योच्या भूकंपात गेल्या. ताकाहातांनी १९९९ मध्ये एक पुस्तक लिहून जपानी ॲनिमेशनचे पूर्वज बाराव्या शतकातल्या चित्रगुंडाळ्यांत दाखवले. त्यांतल्या एका गुंडाळीत बौद्ध भिक्षूच्या चमत्काराने आख्खे धान्याचे कोठार उडत जाते. अजिंठ्यापासून तोक्योपर्यंत सरळ रेघ ओढण्याचा मोह मी आवरला आहे. अशी रेघ ओढायला मधली फार पाने हरवलेली आहेत.

राहिले ओसामू तेझुका. १९६३ च्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’मुळे जपानी दूरचित्रवाणीवरच्या ॲनिमेशनचा पाया घालणाऱ्या या माणसाने १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षे ‘बुद्ध’ ही चित्रकथा काढली. तिच्यावरचा चित्रपट २०११ मध्ये आला. चित्रपट मला मूळ चित्रकथेपुढे तोकडा वाटतो, म्हणून लेखात दोन्ही सोबत घेतली आहेत. तेझुकांनी कथेची सुरुवात राजवाड्यातून केली नाही. सिद्धार्थाच्या जन्माआधी आपण भेटतो चाप्राला, जो गुलाम आहे, आणि तत्ताला, जो गावकुसाबाहेरचा पोर आहे. ही दोन्ही पात्रे तेझुकांनी स्वतः रचलेली आहेत, त्रिपिटकात ती नाहीत. चाप्रा एका सेनापतीचा जीव वाचवतो, त्याचा मानलेला मुलगा होतो, वर चढत जातो, आणि त्याचा जन्म उघड होताच सगळे कोसळते. बुद्ध का जन्मावा लागला याचे कारण तेझुकांना स्वप्नातल्या पांढऱ्या हत्तीत सापडले नाही. ते त्यांना या मुलात आणि त्याच्या आईत सापडले. जपानमध्ये बसलेल्या चित्रकाराने बुद्धाकडे जाणारा रस्ता जातीच्या प्रश्नातून काढला, ही गोष्ट अकोल्याच्या आणि अमरावतीच्या घरांत पोहोचायला हवी असे मला कितीतरी वर्षे वाटत होते. पहिला लेख म्हणून सिद्धार्थाचा नाही, चाप्राचा आहे.